याशिका इलेक्ट्रो ३५ : जी, जीएस, जीटी, जीएसएन... फरक काय आणि घेताना काय बघायचं?

खटकाबहाद्दर

मंडळी, याशिका इलेक्ट्रो ३५ या जुन्या फिल्म कॅमेऱ्याबद्दल व्यनित (खाजगी निरोपात) सारखा एकच प्रश्न येतोय, "इलेक्ट्रो मिळतोय, जीएस घेऊ का जीएसएन, का थांबून काळ्या रंगाचाच बघू?" प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून हा धागा. पुढच्या वेळी कोणी विचारलं की सरळ इथली लिंक देणार. मी दुरुस्तीवाला नाही, नुसती हौस. रविवारी टेबलावर जुना बनियन अंथरून स्क्रू काढत बसतो, घरचे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आपल्याकडे याशिका म्हटलं की बहुतेकांना एमएफ-टू आठवतो, सहलीला, बारशाला सगळीकडे असायचा तो प्लास्टिकचा. हा तो नव्हे. इलेक्ट्रो ३५ आला १९६६ मध्ये, सगळा धातूचा, वजन पाऊण किलोच्या घरात, पातळ पट्ट्याने गळ्यात अडकवून दिवसभर हिंडलात तर संध्याकाळी मान बोलायला लागते. कंपनी जपानमधली, १९४९ साली नागानोला याशिमा सेइकी नावाने सुरू झाली, आधी घड्याळांचे सुटे भाग करायची, मग १९५३ पासून दोन भिंगांचे कॅमेरे, १९५८ ला नाव याशिका झालं आणि त्याच वर्षी त्यांनी निक्का ही लायकाच्या धर्तीवर कॅमेरे करणारी कंपनी विकत घेतली. म्हणजे रेंजफाइंडर (खिडकीतून बघून दोन चित्रं जुळवून फोकस करायचे कॅमेरे) हे त्यांना नवीन नव्हतं. नवीन होतं ते आतलं इलेक्ट्रॉनिक्स.

तुम्ही फक्त अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती मोठं, ते ठरवायचं. शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा ठरवतो. व्ह्यूफाइंडरशेजारी (ज्यातून बघतो ती खिडकी) पुढच्या बाजूला एक सीडीएस सेल, म्हणजे उजेड मोजणारा डोळा आहे, त्यावर उजेड पडला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, आत एक कपॅसिटर त्यातून चार्ज होत असतो, उजेड जास्त तर तो पटकन भरतो, कमी तर रेंगाळत भरतो, आणि ठराविक व्होल्टेज झालं की शटर धरून बसलेलं इलेक्ट्रोमॅग्नेट त्याला सोडून देतं. झालं, शटर बंद. एवढंच. पण यामुळे शटरला ठरलेल्या पायऱ्याच उरल्या नाहीत, १/५०० पासून ३० सेकंदांपर्यंत मधलं काहीही चालतं. १/१२५ नाही आणि १/२५० पण नाही, १/१७० हवं असेल तर तो १/१७० देतो. १९६६ साली खिशाला परवडणाऱ्या कॅमेऱ्यात हे म्हणजे मोठीच गोष्ट. शटर कोपालचं.

लेन्स ४५ एमएम एफ १.७ (एफचा आकडा म्हणजे अपर्चर, आकडा लहान तर भोक मोठं), चार गटांत सहा काच, पुढे ५५ एमएमचा फिल्टर बसतो, कमीत कमी फोकस ०.८ मीटर. लेन्सबद्दल मी बोलायला लागलो तर थांबणार नाही त्यामुळे ते प्रतिसादांत.

बटण अर्धं दाबलं की व्ह्यूफाइंडरमध्ये दिवे लागतात. पिवळा लागला म्हणजे शटर १/३० पेक्षा हळू जाणार, हात स्थिर ठेवा नाहीतर अपर्चर उघडा. लाल लागला म्हणजे १/५०० पण पुरत नाहीये, अपर्चर बंद करा. दिव्याचा बाण ज्या दिशेला दाखवतो त्या दिशेला रिंग फिरवायची, दिवा विझला की फोटो काढा. हेच दिवे वरच्या प्लेटवर पण आहेत, म्हणजे कॅमेरा पोटाशी धरलेला असतानाही बघता येतं. रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांना याची किंमत कळेल.

आता अक्षरं. १९६६ चा पहिला नुसता इलेक्ट्रो ३५, कुठलंच अक्षर नाही, लेन्सवर याशिनॉन डीएक्स, फिल्म स्पीड (फिल्म उजेडाला किती तेज) एएसए १२ ते ४००. १९६८ ला जी आला, लेन्सवर कलर-याशिनॉन असं लिहायला लागले कारण तोवर रंगीत फिल्मचा जमाना सुरू झाला होता. १९७० ला जीएस, आतले इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट सोन्याचा मुलामा दिलेले, एएसए २५ ते १०००. १९७३ ला जीएसएन, हॉट शू (वायरशिवाय फ्लॅश उडवणारी वरची खाच) आला. त्याआधीच्यांना फ्लॅश लावायचा तर शू नुसता अडकवायला आणि बाजूने वायर. जीटी आणि जीटीएन म्हणजे तेच कॅमेरे काळ्या रंगात. संपलं. लेन्स तीच, शटर तेच, दिवे तेच.

म्हणून माझं म्हणणं असं की अक्षराला जास्त पैसे देऊ नका. या कॅमेऱ्यात बघायची गोष्ट एकच, वाइंड करताना (दांडी ओढून फिल्म पुढे सरकवताना) 'खट्' आवाज येतो का. आवाज येणारा साधा जी हा आवाज न येणाऱ्या जीटीएनपेक्षा कधीही बरा. का ते खाली लिहितो, चहा घेऊन आलो.

लेन्सवेडा

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). चहा लवकर प्या.

तिरकस_बाण

एवढा सगळा उपद्व्याप करून ३६ फोटो, त्यातले २० हललेले, धुवायचे पैसे वेगळे. फोन आहे ना राव खिशात.

लेन्सवेडा

@तिरकस, तुमच्यासाठी फोनचे धागे भरपूर आहेत हो, तिकडे जा, गर्दी पण आहे.

खटकाबहाद्दर

हां तर खट्. शटरच्या बटणाखाली एक दांडा आहे. बटण दाबलं की तो खाली जातो, जाताना आतले कॉन्टॅक्ट एकामागून एक जोडतो तोडतो, म्हणजे आधी मीटर (उजेड मोजणारा भाग) चालू, मग दिवे, मग शटर सुटतं. या बटणाला जे लांबच लांब दाबावं लागतं ना, ते त्यामुळे. पुढचा फोटो वाइंड केला की तो दांडा उचलला जाऊन परत वर जाऊन बसतो आणि त्याचा आवाज म्हणजे खट्. हे उचलायचं काम करणाऱ्या लिव्हरवर रबराचा एक बारीकसा तुकडा आहे, नखाएवढा पण नाही. पन्नास वर्षांत ते रबर चिघळतं, डांबरासारखं होतं नाहीतर भुगा होऊन पडतं. मग दांडा पूर्ण वर जातच नाही, मधेच लटकतो, कॉन्टॅक्टची वेळ चुकते आणि कॅमेरा फिल्मवर वाट्टेल तेवढा उजेड पाडायला (एक्स्पोजर द्यायला) लागतो, बहुतेक वेळा जास्तच. कधी दिवे नीट लागतात, कधी लागत नाहीत. परदेशातले लोक या तुकड्याला मरणाचा पॅड म्हणतात, आणि ते काही उगाच नाही.

फसवणारी गोष्ट अशी की अशा कॅमेऱ्याचं शटर उडतं. दुकानदार तुमच्यासमोर खटाखट दोनदा उडवून दाखवतो, "एकदम चालू कंडिशन साहेब", आणि तो खोटं पण बोलत नसतो. बॅटरी नसली तरी हे शटर १/५०० ला उडतंच! त्यामुळे शटर उडालं यावरून काहीही कळत नाही.

म्हणून बॅटरी स्वतःची घेऊन जा. घातली की मागचं बॅटरी चेकचं बटण दाबा, वर फोटो मोजायच्या खिडकीत हिरवा उजेड दिसला पाहिजे. मग वाइंड करा, कानाजवळ धरून, हळू. खट्. मग बटण अर्धं दाबून दिवे बघा, अंधाराकडे पिवळा, अपर्चर पूर्ण उघडून आभाळाकडे लाल. मग सेलवर बोट ठेवून फोटो काढा, शटर उघडून बसायला हवं, बोट न ठेवता काढला तर टचकन मिटायला हवं. दोन्ही वेळा सारखाच आवाज आला तर नमस्कार करून निघा.

चोरबाजारी

मस्त लिहिलंय. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटला माझं येणंजाणं असतं. तिथला अनुभव असा की इलेक्ट्रो दिसतो खूपदा पण बॅटरीचं झाकण उघडायचंच नाही असा बऱ्याच जणांचा आग्रह असतो. "अंदर सब ओके है" म्हणे. झाकण फिरवायला नाणं बाहेर काढलं की चेहरा पडतो. झाकण उघडलं आणि आत हिरवी-पांढरी खरपुडी दिसली तर मी भाव करायच्या भानगडीतच पडत नाही, पुढच्या दुकानात.

खटकाबहाद्दर

@चोरबाजारी, खरपुडी वरवरची असेल तर कापसाच्या काडीला पांढरं व्हिनेगर लावून पुसली की जाते, कॉन्टॅक्ट परत चकाकतो. खरी भीती वायरची. ते गळलेलं रसायन वायरच्या आतून वर चढतं, बाहेरचं प्लास्टिक चांगलं आणि आत तांबं हिरवं काळं झालेलं. मग नवी वायर डकवावी लागते. सोल्डरिंग येणाऱ्याला ते अवघड नाही, खालची प्लेट नुसती स्क्रूंवर आहे. पण हे धरून किंमत द्या.

डार्करूम

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. आमचा स्टुडिओ होता, लग्नं करायचो, त्या काळात हा कॅमेरा आमच्याकडे गल्फहून येणारे लोक आणायचे आणि वापरायला आमच्याकडे विचारायला यायचे. त्यांना मी एकच सांगायचो, अपर्चरच्या रिंगवर सूर्य, ढग, घर अशी चित्रं काढली आहेत, ऊन असेल तर सूर्यावर, ढगाळ असेल तर ढगावर, घरात असाल तर घरावर ठेवा आणि बाकी कशाला हात लावू नका. ९० टक्के फोटो चांगले यायचे. आम्ही हातात लाइट मीटर घेऊन जेवढे चांगले काढायचो जवळजवळ तेवढेच. थोडा रागच यायचा.

एक दुरुस्ती सुचवतो. इलेक्ट्रॉनिक शटरचा पहिला कॅमेरा म्हणून याची जाहिरात झाली असली तरी पोलरॉइडचा ऑटोमॅटिक १०० हा १९६३ सालीच इलेक्ट्रॉनिक शटर घेऊन आला होता. तो झटपट फोटोचा, हा ३५ एमएमचा, एवढं लक्षात ठेवून बोलावं.

लेन्सवेडा

डार्करूम काका, तुमच्या प्रतिसादांचा वेगळा धागा काढा हो.

लेन्सबद्दल मी लिहितो, खटकाबहाद्दरांनी मैदान सोडलंच आहे. ही लेन्स तोमिओकाची असं सगळे मानतात, तोमिओका ऑप्टिकल १९६८ मध्ये याशिकाच्याच ताब्यात आली. एफ १.७ ला मधे चांगली धार, कडा मऊ, मागचे दिवे गोल मोठे. एफ ४ ला काही बोलायचं राहत नाही. रंगीत निगेटिव्हवर थोडे कोमट रंग येतात, त्वचा सुंदर दिसते. दुबळी बाजू म्हणजे समोरून ऊन आलं की धूसर होते, हूड लावाच. आणि पुढची काच मोठी असल्यामुळे बोटांचे ठसे! व्ह्यूफाइंडरमधून बघत असल्यामुळे लेन्सवर ठसा आहे का टोपण आहे हे कळतच नाही, रेंजफाइंडरवाल्यांची जुनी व्यथा.

कोकणकडा

रत्नागिरीत जीएसएन पडून आहे एका नातेवाइकांकडे, चामड्याच्या केसमध्ये, कपाटात. फुकट देताहेत. आत लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. घ्यावा का?

खटकाबहाद्दर

फुकट आहे आणि विचारताय!! घ्या आधी. ते जाळं म्हणजे बुरशी, कोकणात केसमध्ये ठेवलेल्या कॅमेऱ्याला ती होणारच, चामडं ओल धरून ठेवतं. आल्याबरोबर केसमधून बाहेर काढा, परत त्यात घालू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर शेकवून परत वापरा. बुरशी पुढच्या गटात असेल तर साफ करणं सोपं, पुढची पाटी असलेली रिंग फिरवून निघते. शटरच्या मागे असेल तर जाणकाराकडे द्या. थोडीशी असेल तर फोटोत दिसत पण नाही, फक्त कॉन्ट्रास्ट जरा पडतो.

कोकणकडा

धन्यवाद! आणि मागचं दार उघडलं तर काळं चिकट हाताला लागलं. ते काय?

चोरबाजारी

फोमच्या सीलचं डांबर. दाराच्या खाचेत आणि बिजागरीपाशी फोम असतो, त्याचं असं होतं. टूथपिकने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवा, बिजागरीपाशी पातळ काळं फेल्ट. आईकडे विणकामाची लोकर असेलच. खरवडताना तुकडे शटरमध्ये जाऊ देऊ नका, कॅमेरा उपडा धरून काम करा. आणि अंगातला शर्ट जुना असू दे.

ओसाकाकर

इकडून, जपानमधून, थोडी माहिती. इथे जुन्या वस्तूंच्या दुकानांत 'जंक' म्हणून टोपल्या असतात, चेक न केलेला माल, परत घेणार नाही या बोलीवर. इलेक्ट्रो त्यात नेहमी असतो, लेन्सवर ओरखडे, कोणाचं टोपण नाही. पण मला मूळ लेखात एक गोष्ट कमी वाटली, लहान भाऊ. खटकाबहाद्दर फक्त मोठ्या इलेक्ट्रोंबद्दल बोलताहेत.

१९७० मध्ये इलेक्ट्रो ३५ सीसी निघाला, काळा, आखूड, आणि त्यात ३५ एमएम एफ १.८ लेन्स! त्या काळात छोट्या रेंजफाइंडरला इतकी रुंद आणि इतकी उजेडाची लेन्स फार कमी मिळायची. शटर मात्र १/२५० पर्यंतच. मग जीएल आणि नंतर जीएक्स, दोघांना ४० एमएम एफ १.७. आणि १९७५ चा एमजी-१, दिसायला इलेक्ट्रोच पण लेन्स एफ २.८ ची. हा एमजी-१ लोक इलेक्ट्रो म्हणून घेतात आणि घरी येऊन बघतात. पुढून बघताना लेन्सवरचा आकडा वाचा, १.७ का २.८. माझ्या मते अख्ख्या घराण्यात रस्त्यावर फिरायला सीसी सगळ्यात भारी, मोठा जीएसएन घेऊन तुम्ही गुपचूप फोटो काढूच शकत नाही.

लेन्सवेडा

सीसी मिळतो कुठे? आपल्याकडे एकदा सुद्धा विकायला दिसला नाही मला.

ओसाकाकर

इथे पण टोपलीत मिळत नाही, काचेच्या कपाटात असतो. म्हणजे भाव समजून घ्या.

खटकाबहाद्दर

@ओसाकाकर, सीसी भारी आहे हे मान्य पण सुरुवात करणाऱ्याला मी तो सांगणार नाही. १/२५० ही मर्यादा आपल्याकडच्या उन्हात फार टोचते. मोठ्यातच बघा ना, ४०० चा रोल घातला आणि भर दुपारी बाहेर पडलात तर एफ १६ शिवाय इलाज नाही, जरा उघडलं की लाल दिवा. १०० चा रोल असेल तर एफ ८ पर्यंत येता येतं. एफ १.७ घेतलाय म्हणून दुपारी पार्श्वभूमी पुसट करायला गेलात तर कॅमेरा नाहीच म्हणणार. ते संध्याकाळी करा. सीसीला तर १०० च्या रोलवर पण दुपारी एफ ११ च्या आसपासच राहावं लागतं.

गंधर्व_ऑन_व्हील्स

बॅटरी!!! कोणी बोलतच नाहीये. मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची मर्क्युरी, ती आता मिळत नाही ना?

खटकाबहाद्दर

नाही मिळत, मर्क्युरीमुळे कधीच बंद झाली. पण या कॅमेऱ्यात ते दुखणं सगळ्यात सोपं आहे. ६ व्होल्टची ४एलआर४४ घ्या, कॅमेऱ्याच्या किंवा घड्याळाच्या दुकानात मिळते, ऑनलाइन तर मिळतेच. ती मूळ बॅटरीपेक्षा आखूड आणि बारीक, त्यामुळे नळीत खुळखुळते. बारीकपणासाठी पुठ्ठ्याची किंवा जाड कागदाची गुंडाळी करून नळी बनवा, आखूडपणासाठी उरलेल्या जागेत स्प्रिंग. बॉलपेनची स्प्रिंग फार नाजूक पडते, हार्डवेअरच्या दुकानात जाडसर मिळते ती घ्या, तोंडाला अॅल्युमिनियम फॉइलची गोळी लावा म्हणजे टेकते नीट. तयार अडॅप्टर पण मिळतात, पितळेचे, दिसायला छान. कॅमेरा फरक करत नाही.

५.६ च्या जागी ६ व्होल्ट गेले म्हणून एक्स्पोजर बिघडतं का, तर निगेटिव्ह फिल्मवर तुम्हाला कळणार पण नाही.

गंधर्व_ऑन_व्हील्स

मग कॅननचा कॅनोनेट का नको? क्यूएल१७ जी३ बद्दल सगळीकडे एवढं लिहितात. लहान आहे, त्याला मॅन्युअल मोड पण आहे.

लेन्सवेडा

आला कॅनोनेटचा विषय, बसा आता.

डार्करूम

दोन्ही वापरले आहेत म्हणून लिहितो. कॅनोनेट १९७२ चा, ४० एमएम एफ १.७, त्यात शटर तुम्ही ठरवायचं आणि अपर्चर कॅमेरा ठरवतो. बरोबर उलटं. शटर यांत्रिक, त्यामुळे बॅटरी संपली तरी सगळे स्पीड चालतात, पण ते १/४ पासून १/५०० पर्यंतच. आणि मॅन्युअलवर घेतलं की मीटर झोपतो, तुम्ही अंदाजाने काढायचं. इलेक्ट्रोला रात्री तिपाईवर ठेवून देवळाची रोषणाई काढलीत तर तो स्वतः मोजून दहा-वीस सेकंद उघडा बसतो आणि नीट फोटो देतो. कॅनोनेटला ते जमणार नाही. ज्याला आकडे कळतात त्याने कॅनोनेट घ्यावा. ज्याला दिवाळीचे, गणपतीचे, संध्याकाळचे फोटो काढायचे आहेत त्याने इलेक्ट्रो.

बॅटरीचा मुद्दा पण आहे. कॅनोनेट, ऑलिम्पस ३५ एसपी वगैरेंना १.३५ व्होल्टचा मर्क्युरीचा सेल लागायचा, तिथे १.५ चा घातला तर मीटर चुकीचं सांगतो. इलेक्ट्रोवर तेवढा परिणाम होत नाही.

खटकाबहाद्दर

काकांशी सहमत. भर घालतो, इलेक्ट्रोला मॅन्युअल नाही हे खरं पण अगदीच हात बांधलेले नाहीत. रिंग ऑटोवर असताना बॅटरी काढली तर १/५००. फ्लॅशच्या खुणेवर ठेवलं तर १/३०. आणि बी (बटण दाबून धराल तेवढा वेळ शटर उघडं) आहेच. म्हणजे बॅटरी मेली तरी भर उन्हात एफ ११ किंवा १६ ला ठेवून रोल संपवता येतो.

आणि थोडं जास्त किंवा कमी एक्स्पोजर हवं असेल तर एएसएची चकती फिरवायची. खिडकीसमोर माणूस उभा आहे, चेहरा काळा येणार, तर ४०० चं २०० करा. फोटो झाला की परत ४०० वर आणायला मात्र विसरायचं नाही.

अपर्चर_आजी

माझ्याकडे पिवळा फिल्टर आहे ५५ एमएमचा, कृष्णधवल रोलसाठी. लावला की मीटर आपोआप जुळवून घेतो ना? डिजिटलमध्ये घेतो तसा?

ओसाकाकर

नाही आजी. सेल लेन्सच्या बाहेर, वर व्ह्यूफाइंडरपाशी आहे, त्याला फिल्टर दिसतच नाही. पिवळ्यासाठी साधारण एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट) धरा, म्हणजे रोल ४०० चा असेल तर चकती २०० वर. लालसाठी तीन स्टॉप, म्हणजे ५०. फिल्टर काढला की चकती परत.

अपर्चर_आजी

कळलं बाळा. नातवाला दाखवते, त्याला वाटतं आजीला फक्त व्हॉट्सअॅप येतं.

चोरबाजारी

काळ्याबद्दल थोडं. जीटी, जीटीएनला लोक डबल भाव मागतात. दिसतो देखणा, कडांना रंग उडून पितळ दिसायला लागलं की आणखी देखणा, पण काही शहाणे चंदेरी कॅमेरा रंगवून काळा म्हणून विकतात. वरच्या प्लेटवरची कोरलेली अक्षरं बघा, कोरीव भागात रंग नीट भरलेला आहे का थापलेला आहे. स्क्रूच्या डोक्यांवर पण काळा रंग चढलेला असेल तर समजून जा.

लेन्सवेडा

हे माहीत नव्हतं, +१.

कॅमेऱ्याबरोबर टेली (लांबचं जवळ आणणारं) आणि वाइड (जास्त भाग घेणारं) असे जोडभिंग आणि वेगळा व्ह्यूफाइंडर असा सेट मिळतो, त्याचं काय मत? पुढे स्क्रू करायचे असतात ते.

खटकाबहाद्दर

मिळाला स्वस्तात तर कपाटात छान दिसतो. टेली लावून ४५ एमएमवरून जेमतेम ५८ च्या आसपास जाता, वाइड लावून ३८. दोन पावलं पुढे-मागे गेलात तर तेवढंच. वजन मात्र दगडासारखं.

कोकणकडा

धागा वर काढतोय. जीएसएन आला घरी! सील बदलले, लोकरीची आयडिया झकास. वाइंड करताना खट् येतंय, स्पष्ट. पिवळा लाल दोन्ही दिवे लागतात. पण मागचं बॅटरीचं बटण दाबल्यावर खिडकीत हिरवा उजेड येत नाही. आणि दुसरं, व्ह्यूफाइंडरमधला मधला पिवळा पॅच एवढा फिका आहे की फोकस करताना दोन चित्रं जुळली का कळतच नाही.

खटकाबहाद्दर

दिवे लागताहेत म्हणजे बॅटरी पोचतेय, तो हिरव्याचा बल्ब गेला असेल किंवा त्याची एक वायर. त्यावाचून काही अडत नाही. सेलवर बोट ठेवून शटर लांबतंय का बघितलं का?

पॅचसाठी, आधी व्ह्यूफाइंडरच्या दोन्ही बाजूच्या काचा बाहेरून साफ करा, निम्मा फरक तिथेच पडतो. मग वरची प्लेट काढून आतल्या काचांवरची धूळ नुसत्या फुग्याने उडवा. आतली तिरकी अर्धपारदर्शक काच असते तिला हात लावू नका, कापूस पण नाही, तिच्यावरचा मुलामा पुसला गेला तर पॅच कायमचा गेला. तोपर्यंत तात्पुरता उपाय, व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या काचेवर बरोबर मध्यभागी काळ्या टेपचा इवलासा चौकोन चिकटवा, पॅच एकदम ठळक दिसतो.

कोकणकडा

बोट ठेवून बघितलं, लांबतंय! बराच वेळ उघडं राहिलं. टेपचं करून बघतो. उभा चेहरा काढताना व्ह्यूफाइंडरमधली चौकट सरकते, तो बिघाड आहे का?

ओसाकाकर

बिघाड नाही, ते चांगलं आहे. जवळ फोकस केलं की पांढरी चौकट तिरकी खाली सरकते, कारण व्ह्यूफाइंडर लेन्सच्या वर आणि बाजूला आहे, जवळून जे दिसतं ते आणि फिल्मवर जे येतं ते वेगळं. चौकट जिथे असेल तेवढंच येणार. त्या काळच्या बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत नुसत्या खुणा असायच्या, अंदाजाने घ्यायचं.

कोकणकडा

आणि शेवटचं, वापर नसताना बॅटरी काढून ठेवू का आतच राहू दे?

खटकाबहाद्दर

महिनाभर हात लागणार नसेल तर काढाच, वर चोरबाजारींनी सांगितलेली खरपुडी तशीच होते. रोज वापरात असेल तर आत राहू दे, पण बटणाभोवतीची रिंग लॉकवर फिरवून ठेवा. पिशवीत बटण अर्धं दाबलेलं राहिलं की दिवा आत जळत बसतो आणि गडावर पोचल्यावर बॅटरी उतरलेली.

कोकणकडा

बरं. पहिला रोल २०० चा घालतोय.